दादाच्या कॅनमधलं पेट्रोल

आनंदराज गुरुजींची बायको त्या आठवड्यात लातूरला लेकीकडे गेली होती. ती नांदेडात असती तर तिने गुरुजींना पहिल्याच दिवशी घरात बसवलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून या प्रकरणात दोष कुणाचा हे शोधायचं असेल तर सुरुवात लातूरच्या बसपासून करावी, असं गुरुजींचं आजही म्हणणं आहे.

प्रकरण बोटीचं होतं. बोट गुरुजींच्या थोरल्या भावाची, व्यंकटीदादाची. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी अडून लांबवर पसरलंय, त्यात दादा जाळी टाकायचा आणि पूर आला की याच बोटीतून माणसं काढायचा. दोन वर्षांमागे एका पहाटे त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. तेव्हापासून बोट काठावरच्या बाभळीखाली ताडपत्री पांघरून पडली होती. आता पावसाळ्याआधी तहसील कार्यालय पुराच्या कामासाठी खाजगी बोटींची यादी करत होतं. यादीत नाव लागलं तर बोट पाण्यात राहणार होती. नाही लागलं तर रेणुकावहिनी ती विकणार होत्या, कारण पडून पडून बोट कुजते हे त्यांना दिसत होतं. गिऱ्हाईक एकच होतं, एका मंगल कार्यालयाचा मालक. त्याला बोट हिरवळीवर मांडून, तीत झेंडू भरून, नवरा-नवरीला बसवायचं होतं. खालून धूरही सोडणार होता म्हणे. हे ऐकलं त्या दिवशी वहिनींच्या घरी चूल पेटली नाही.

"वहिनी, यादीचं माझ्यावर सोडा," गुरुजी म्हणाले. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेली, त्यामुळे सरकार म्हणजे घरचंच माणूस असा त्यांचा समज होता. निवृत्तीनंतर ते गावोगावच्या शाळांत अंधश्रद्धेवर व्याख्यानं द्यायचे. कुणाच्या दारावरचं लिंबू काढून त्याचं सरबत पोरांसमोर पिऊन दाखवणं हा त्यांचा हातखंडा प्रयोग होता. अशा माणसाला एक बोट चालू करून दाखवणं काय अवघड, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर वहिनींनाही वाटलं.

बोटीचं इंजिन वहिनींनी ताडपत्रीत नीट बांधून ठेवलेलं होतं. दादाचा जुना दोस्त नजीर, रिक्षावाला, त्याने ते पुसलं, प्लग साफ केला. राहता राहिलं पेट्रोल. गुरुजी रिकामा कॅन घेऊन पंपावर गेले.

"सुट्टं पेट्रोल बंद हाय काका," पंपावरचा माणूस म्हणाला. "वरून आदेश हाय. गाडी घेऊन या."

"गाडी नाही, बोट आहे."

"मंग बोट घेऊन या."

गुरुजींनी शांतपणे बोट आणि रस्ता यांचा संबंध समजावून सांगितला. मागे रांग लागली होती. रांगेतल्या एकाने विचारलं की बोटीला पासिंग आहे का. दुसऱ्याने विचारलं की गोदावरीतून थेट पंपापर्यंत यायला कॅनॉल नाही का. गुरुजी घरी परतले ते कानशिलं लाल करूनच.

तेव्हा शेजारचे गुंडप्पाअण्णा मदतीला धावले. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एसटी डिझेलवर चालते ही गोष्ट त्यांनी पेट्रोलच्या बाबतीत सल्ला देताना कधी आड येऊ दिली नाही. "आनंदराव, तो गाडी म्हन्तोय ना? गाडीला काय असतं? इंजिन असतं. इंजिन घेऊन चला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी नजीरच्या रिक्षात मागच्या सीटवर इंजिन उभं करून बसवलं, त्याला पडू नये म्हणून गुरुजींनी एका बाजूने मिठी मारली, अण्णांनी दुसऱ्या बाजूने. इंजिनाचा पंखा बाहेर आला होता. गुरुद्वाऱ्याच्या चौकात पोलिसाने थांबवून विचारलं, पेशंट कुठला आहे. पंपावर पुन्हा नकार मिळाला तेव्हा अण्णा इतके भांडले, इतके भांडले, की शेवटी पंपवाल्यानेच त्यांना पाणी दिलं. पेट्रोल मात्र दिलं नाही. तहसीलदाराचं पत्र आणा म्हणाला.

तहसीलमधल्या बाईंनी गुरुजींचं सगळं ऐकून घेतलं. पत्र देता येईल, पण ते यादीतल्या बोटींनाच. यादीत नाव चाचणीनंतर लागतं. चाचणी उद्या सकाळी आहे, साहेब स्वतः येणार आहेत, बोट पाण्यात चालू दिसली पाहिजे.

"चालू दिसायला पेट्रोल लागतं," गुरुजी म्हणाले.

"हो ना," बाई सहानुभूतीने म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

संध्याकाळी वहिनींच्या ओसरीवर सगळे मान खाली घालून बसले. अवकाळी पाऊस गारांसकट पडून गेला होता आणि वीज नव्हती. दुसऱ्या एखाद्या बोटवाल्याकडून मागावं तर ते सगळे स्वतःच यादीच्या रांगेत उभे. आपलं पेट्रोल ओतून दुसऱ्याचं इंजिन सुरू करून द्यायला कोण तयार होणार? आणि रिक्षा सीएनजीवर चालत होती.

"येक कॅन हाय," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी दादाने सकाळच्या फेरीसाठी कॅन भरून, ऑइल मिसळून, भिंतीशी ठेवला होता. तो तिथेच होता. वहिनी दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसायच्या. बाकी कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपला नसता.

"वहिनी, राहू द्या," गुरुजी म्हणाले.

"बोट फुलं भरायला देऊ का मंग?" वहिनी म्हणाल्या आणि आत जाऊन कॅन घेऊन आल्या.

टोपण निघता निघेना. निघालं तेव्हा आतून पेट्रोलचा वास आलाच नाही. फर्निचरला लावतात त्या रोगणासारखा, आंबूस, जुना असा काहीतरी वास ओसरीभर पसरला. चिमणीच्या उजेडात रंग कोऱ्या चहासारखा दिसला. चिमणी कॅनपासून लांब ठेवा, असं गुरुजी ओरडले, हे या प्रकरणातलं त्यांचं एकमेव शहाणपणाचं वाक्य. वहिनींनी मात्र डोळे मिटून वास घेतला. "त्यांच्या कामाच्या सदऱ्याला असाच यायचा," त्या म्हणाल्या. नजीरने टोपी काढून पुन्हा घातली.

पेट्रोल शिळं झालं की मरतं, असं अण्णांनी भांडून भांडून घोगऱ्या झालेल्या आवाजात जाहीर केलं. पण त्याच्यात जीव आणता येतो. दोन डांबरगोळ्या टाकायच्या. शेजारच्या उमाबाई म्हणाल्या, टाकू नका, ऊन दाखवा, लोणच्याला दाखवतो तसं. रात्री ऊन कुठून आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी गोळ्या नाही, ऊन नाही, वहिनींच्या जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यातून पेट्रोल गाळून बोटीच्या लाल प्लास्टिकच्या टाकीत भरलं. फडक्यावर चिकट तपकिरी साका उरला. कॅनच्या तळाशी थोडं शिल्लक राहिलं, ते वहिनींनी ओतू दिलं नाही. आता हे मोलाचं पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून गुरुजींनी टाकीच्या टोपणावरचा स्क्रू पान्याने आवळला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, पिशवीवर रबर लावलं. शिक्षकाचं काम असं असतं.

सकाळी साहेब यायच्या आधी एकदा इंजिन चालवून पाहू, असं ठरलं होतं. गुरुजी, नजीर आणि वहिनी आले; अण्णाही येतो म्हणाले होते, पण काठावर त्यांचा पत्ता नव्हता. आदल्या संध्याकाळच्या पावसामुळे पाण्यावर धुकं उतरलं होतं. मे महिन्यात धुकं! पलीकडचा काठ सोडा, बोटीचं टोकसुद्धा नीट दिसत नव्हतं. नजीरने वल्ही बोटीत टाकली, ती गुरुजींनी काढून काठावर ठेवली.

"राहू द्या की गुर्जी," नजीर म्हणाला.

"साहेबांना वल्ही दिसली तर काय वाटेल? आमचाच आमच्या इंजिनावर भरवसा नाही, असं वाटेल."

इंजिन दोन वर्षं बंद होतं. पेट्रोल मेलेलं होतं. गुरुजींनी दोरी धरली ती बराच वेळ ओढावी लागणार अशा तयारीने. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

कुणीच आनंद केला नाही. कारण इंजिन लागलं ते खोकत. दोन आखूड खोकले, मधे थोडं थांबणं, मग एक लांब, छातीतून आलेला. पुन्हा दोन आखूड, एक लांब. दादा बिड्या ओढायचा. रोज सकाळी दात घासताना तो अगदी असाच खोकायचा आणि त्यावरून गल्लीतली माणसं वेळ ओळखायची.

"कार्बन साचला असेल," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढा लागला. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला, दादा समोर आल्यावर घ्यायच्या तसा.

तिघांना घेऊन बोट निघाली. इंजिनाचा पांढरा धूर वर जाईना, तो धुक्यातच मिसळून बोटीभोवती फिरत राहिला. गुरुजींचा बेत काठाकाठाने एक चक्कर मारायचा होता, पण इंजिनाचा दांडा डावीकडे ओढत होता. त्यांनी जोर लावला, तरी बोट आपली डावीकडेच. मग धुक्यातून एकेक करून विजेचे खांब दिसू लागले. धरणात बुडालेल्या गावाचे जुने खांब, तारा नसलेले, कमरेपर्यंत पाण्यात उभे. प्रत्येक खांबावर एक पाणकावळा बसलेला आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून. बोट जवळून गेली तरी एकही उडाला नाही.

"भाई हिथंच जाळं टाकायचा," नजीर हळूच म्हणाला.

तेवढ्यात इंजिनाने एक लांब खोकला काढला आणि ते बंद पडलं. गुरुजींनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली तरी इंजिन ढिम्म. नजीरने शिळ्या पेट्रोलला नावं ठेवली, मग वहिनींकडे बघून शब्द मागे घेतले. वल्ही काठावर होती. नजीरने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. काठ कुठल्या बाजूला, हेही आता कळेना. पाणी इतकं निवांत होतं की गुरुजींना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

आणि हाक आली.

"आन्याऽऽ..."

लांबून, पाण्यावरून सरपटत यावी तशी. गुरुजींनी तोंड उघडलं, तर नजीरने त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "ओ देऊ नका गुर्जी! पान्यावर तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. गेलेला मानूस दोनदाच हाक मारतो. तिसरी मारायची त्याला परवानगी नसती."

"कोणाची परवानगी?" गुरुजींनी त्याचा हात बाजूला केला. "गुंडप्पाअण्णा असणार. ते काठावर आलेत आणि आपल्याला शोधतायत. हे सगळं अज्ञान आहे नजीर, मी यावर दीड तास बोलतो." पण हे सगळं ते कुजबुजत बोलले. आणि अण्णा त्यांना आनंदराव म्हणतात, हे त्यांना बोलतानाच आठवलं. आन्या म्हणणारा माणूस जगात एकच होता.

"आन्याऽऽ..."

दुसरी हाक जवळून आली. डावीकडून की उजवीकडून ते सांगता येईना. एक पाणकावळा पंख पसरून तसाच बसून राहिला. गुरुजींच्या घशात ओ तयार होती. आजवर त्यांनी किती लिंबं पिळली असतील, किती अमावास्यांना स्मशानात चहा करून प्यायला असेल, पण ती ओ घशातून वर येईना. भीती वाटत होती हे खरंच. त्याहून जास्त भीती याची वाटत होती की ओ दिली आणि तिकडून अण्णाच बोलले तर? तोवर निदान दादा असण्याची शक्यता तरी होती. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गुरुजींना त्याची इतकी आठवण येते हे त्यांनी स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

सगळे तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. ती येईना. त्याऐवजी कुठूनतरी जीपचा हॉर्न आला, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा. साहेब आले होते. काठावर बोट नाही म्हटल्यावर साहेब किती थांबणार? गुरुजींच्या डोळ्यांपुढे हिरवळीवरची बोट आली, झेंडू आला, खालून सोडलेला धूर आला.

मग वहिनी उठल्या. बोट डुगडुगली तसा नजीर ओरडला, "भाभी, तिसरी येऊ द्या!"

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "सगळ्या संसारात त्यांना तिसरी हाक मारू दिली न्हाई मी. आता मारू देऊ व्हय?" आणि त्यांनी धुक्याकडे तोंड करून, शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसा सूर लावला. "ओऽऽ! काय म्हन्ता?"

आवाज पाण्यावरून गेला. खांबांत फिरला. परत आला नाही.

आणि गुरुजींच्या बुडाखाली टक्‌ असा आवाज झाला.

गुरुजी इतक्या जोरात उडाले की चष्मा नाकावरून घसरला. आवाज टाकीतून आला होता. त्यांनी वाकून पाहिलं. लाल टाकीची दोन्ही पोटं आत ओढली गेली होती, उपाशी माणसाची जातात तशी. वर टोपणावर पिशवी, पिशवीवर रबर, आणि त्याखाली पान्याने आवळलेला स्क्रू. गुरुजी बघत राहिले. लहानपणापासून, बोटीत बसले की दरवेळी खाल्लेल्या शिव्या त्यांच्या कानात एकदम वाजल्या. आन्या, टोपणाचा स्क्रू ढिला कर. किती बार सांगायचं? त्याला बी श्वास घेऊ दे की.

त्यांनी रबर काढलं, पिशवी काढली, स्क्रू फिरवला. टाकीने श्वास घेतला. लांब, खोल, खूप वेळ दम धरून बसलेला माणूस घेईल तसा. पोटं हळूहळू फुगली. नजीरने कलमा पुटपुटायला सुरुवात केली. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल इंजिनाकडे सरकत नाही, हे शास्त्रीय कारण गुरुजींना पूर्ण माहीत होतं, पण त्यांनी ते त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

दोरी वहिनींनी ओढली. दोन आखूड, एक लांब. इंजिन लागलं. दांडाही वहिनींनीच धरला आणि हॉर्नच्या रोखाने बोट अशी सरळ काढली की डावीकडे ओढणं वगैरे इंजिन विसरूनच गेलं.

काठावर साहेब जीपचं दार उघडून आत बसायच्या बेतात होते. धुक्यातून, पांढऱ्या धुरात लपेटलेली, खोकत येणारी बोट, तिच्यात मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई, मधे कलमा पढणारा रिक्षावाला आणि पुढे तिरक्या चष्म्याचे गुरुजी, असं दृश्य पाहून ते दोन पावलं मागे सरकले. मग स्वतःला सावरून म्हणाले, "अशा धुक्यात आत जाऊन आलात? पुराच्या वेळी अशीच माणसं लागतात." चालक कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा गुरुजी पुढे झाले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वहिनींचं नाव लिहून घेतलं. गुरुजींना ते थोडं लागलं, पण बोट यादीत लागली होती.

गुंडप्पाअण्णा मफलर गुंडाळून जीपमागून पुढे आले.

"अण्णा, किती हाका मारल्यात!" गुरुजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "पण मला आन्या कधीपासून म्हणायला लागलात?"

अण्णांनी मान हलवली. गळ्याकडे बोट दाखवलं. मग गुरुजींच्या कानाशी येऊन, पानं सळसळावीत एवढ्या आवाजात म्हणाले, "रात्रीपास्नं आवाज बसलाय. पंपावर वरडून. हाक मारता आली न्हाई, म्हनून तर साहेबांना हॉर्न मारायला लावला."

नजीरने टोपी काढली. वहिनी मात्र पाण्याकडे बघून थोडं हसल्या आणि बोटीची दोरी बाभळीला बांधायला लागल्या.

पत्र मिळालं, पेट्रोलही मिळालं. पंपावरच्या त्याच माणसाने गुरुजींना नमस्कार करून कॅन भरून दिला. टाकीत उरलेलं जुनं पेट्रोल नजीरने काढून टाकलं, टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला. पहिल्या पावसाळी फेरीला सगळे काठावर जमले. बायकोही लातूरहून परत आली होती आणि सोबत बसली होती. तिला गुरुजींनी हाका सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

वहिनींनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. गुळगुळीत, एकसारखं, नव्या शिलाई मशीनसारखं. खोकला नाही, थांबणं नाही, काही नाही. "वा, काय आवाज आहे!" बायको म्हणाली. वहिनी दांडा धरून ऐकत होत्या, आणि त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

गुरुजी उठले. बाभळीच्या बुंध्याशी तो जुना कॅन होता, तळाशी थोडंसं पेट्रोल उरलेला. शिळं पेट्रोल नव्यात मिसळलं की इंजिन खराब होतं, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं. त्यांनी टोपणभर ओतून घेतलं, पाण्यात पाय घालून बोटीपर्यंत गेले आणि टाकीत टाकलं.

"हे कशाला?" बायकोने काठावरून विचारलं.

"अॅव्हरेज वाढतो," गुरुजी म्हणाले.

सगळे कान देऊन थांबले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग इंजिन दोनदा आखूड खोकलं, जरा थांबलं, आणि एकदा लांब.

वहिनींनी पदर डोक्यावर घेतला आणि बोट खोल पाण्यात घातली.